‘मास्क लावूनच ये’ असं दादाला सांगितलं, आता तो येतच नाही

प्रश्न : माझ्या बाबांचं गेल्या वर्षी किडनी ट्रान्सप्लांट झालं. ते माझ्याकडेच राहतात. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या त्यांना कायमच्या घ्याव्या लागणार आहेत आणि संसर्गापासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणून घरी येणाऱ्या प्रत्येकानं मास्क लावायचा, असा नियम मी केला. दादाला तो मान्य नाही. कोविडच्या काळातही आमचं यावरूनच वाजलं होतं. तो म्हणतो, विषाणू इतका बारीक असतो की मास्कच्या भोकांतून आरामात आरपार जातो. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मास्कचा उपयोग नसतो हे सिद्ध झालंय. उलट ऑक्सिजनच कमी पडतो. ज्याला भीती वाटते त्यानं लावावा, माझ्यावर सक्ती कशाला? महिन्याभरापूर्वी तो तसाच आत आला, बाबांच्या शेजारी तासभर बसला आणि दोन दिवसांनी त्याला ताप भरला. सुदैवानं बाबांना काही झालं नाही. पण रागाच्या भरात मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं की दादाला बाबांच्या जिवाची पर्वा नाही. तेव्हापासून दादा, वहिनी आणि माझा चार वर्षांचा भाचा कुणीच आलेलं नाही. बाबा गप्प गप्प असतात. त्यांना ऐकूही कमी येतं, मास्क लावून कुणी बोललं तर निम्मं कळत नाही. शास्त्र नक्की कुणाच्या बाजूनं आहे ते एकदा लिहा, म्हणजे मला दादाला दाखवता येईल.
– एक धाकटी बहीण

उत्तर :

ताई,

आधी सरळ उत्तर देते. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या खोलीत येणाऱ्यानं मास्क लावावा ही मागणी रास्त आहे. तिच्यात भित्रेपणा नाही आणि अतिरेकही नाही. शरीरानं नवी किडनी परकी समजून नाकारू नये, म्हणून बाबांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे. जो विषाणू दादाला चार दिवस अंथरुणात पाडून निघून जाईल, तोच बाबांना आयसीयूत नेऊ शकतो. लशीचाही अशा रुग्णांना इतरांइतका फायदा मिळत नाही, कारण लस ज्या प्रतिकारशक्तीला कामाला लावते तीच गोळ्यांनी मंदावलेली असते. तेव्हा दादा रुसला म्हणून नियम मोडीत काढू नका.

पण ग्रुपवर तुम्ही जे लिहिलंत ते चुकीचं होतं. ज्याला पर्वा नाही तो मुलगा तासभर बापाशेजारी बसत नाही. दादाचं मत चुकीचं असेल, म्हणून त्याची माया खोटी ठरत नाही. शिवाय हे तुम्ही त्याला एकट्याला बोलला नाहीत, साऱ्या नातेवाइकांसमोर लिहिलंत. आता तो मास्क लावून दारात उभा राहिला तर बघणारे सगळे त्याचा अर्थ ‘दादानं चूक कबूल केली’ असाच लावणार, आणि तेवढ्यासाठी तो येणार नाही. त्याच्या परतीची वाट तुम्हीच अडवून ठेवली आहे. जिथं लिहिलंत तिथंच ते शब्द मागे घ्या. सविस्तर खुलासा नको, ‘पण’ नको आणि त्या दिवशी मास्कचा विषयही नको.

आता शास्त्र. तुम्हाला दादापुढे ठेवायला पुरावा हवा आहे. मी देते, पण त्यातला काही भाग दादाच्या बाजूनं जाईल आणि तोही त्याला दाखवा. तुम्ही दोघं इतकी वर्षं एकाच प्रश्नावर भांडतोय असं समजता आहात, प्रत्यक्षात प्रश्न दोन आहेत. नीट बसवलेला चांगला मास्क श्वासातले कण अडवतो का, हा एक. आणि लाखो लोकांना मास्क लावायला सांगितलं तर साथ किती आटोक्यात येते, हा दुसरा. पहिल्यात तुमची बाजू भक्कम आहे. दुसऱ्यात दादा म्हणतो तितकं नाही, पण बरंच तथ्य आहे. मात्र बाबांच्या खोलीचा संबंध आहे तो पहिल्या प्रश्नाशी.

भोकांचा मुद्दा घेऊ. कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा असतो हे खरं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पण तो सुटा उडत नाही. आपण बोलतो, खोकतो, नुसता श्वास सोडतो तेव्हाही पाणी, क्षार आणि प्रथिनं यांचे कण बाहेर पडत असतात आणि विषाणू त्या कणांत असतो. हे कण एका मायक्रॉनहून लहान असतात तसे शंभर मायक्रॉनचेही असतात. आणि चांगला मास्क चाळणीसारखं काम करतच नाही. एन-९५ च्या आत प्लॅस्टिकच्या अतिशय बारीक तंतूंचा दाट गुंता असतो. हवा त्यातून वाट काढत जाते तेव्हा मोठ्या कणाला तिच्याबरोबर झटकन वळता येत नाही, तो तंतूवर आदळतो आणि अडकतो. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भटकतो आणि कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतो. भरीला तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो, तो कणांना ओढून धरतो. निसटायला सगळ्यात सोपे असतात ते साधारण ०.३ मायक्रॉनचे कण, कारण ते धड आदळत नाहीत आणि धड भटकतही नाहीत. म्हणून एन-९५ ची परीक्षा जवळपास याच आकाराच्या कणांवर घेतात आणि त्यातले किमान ९५ टक्के अडवले तरच तो उत्तीर्ण होतो. त्याहून लहान कण त्याला उलट जास्त सहज सापडतात. ‘विषाणू लहान म्हणून निसटतो’ हे ऐकायला अगदी पटण्यासारखं वाटतं, म्हणून तर ते इतकं पसरलं, पण गाळण्याचं काम तसं चालत नाही.

गळती होते ती भोकांतून नव्हे, कडांतून. सर्जिकल मास्कचं कापड बऱ्यापैकी गाळतं, पण गालांच्या बाजूला फट राहते. चष्म्यावर वाफ धरत असेल तर श्वास नाकाजवळून वर निसटतोय असं समजावं. दाढी असली तरी मास्क घट्ट बसत नाही. साध्या कापडी मास्कचा भरवसा सगळ्यात कमी, आणि तुमच्या घरी पाहुण्यांसाठी तेच ठेवलेले असतील तर दादाच्या कुरकुरीत थोडा अर्थ आहे.

ऑक्सिजनचं मात्र लगेच निकालात काढता येतं. ऑक्सिजनचा रेणू विषाणूपेक्षा शेकडो पटींनी लहान, हवेबरोबर सहज आत-बाहेर होणारा. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि परिचारिका तासन्‌तास मास्क लावूनच उभ्या असतात. गरम होतं, घाम येतो, घुसमटल्यासारखं वाटतं, एन-९५ मधून श्वास ओढायला थोडा जोर लागतो. हा त्रास खरा आहे आणि दादा तसं म्हणाला तर त्याला खोटं पाडू नका. फुप्फुसांचा गंभीर आजार असलेल्यानं डॉक्टरांना विचारूनच एन-९५ वापरावा. पण धडधाकट माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन मास्कमुळे धोक्याच्या पातळीला जात नाही.

आता तो आढावा, ज्याच्यावर दादाची सगळी मदार आहे. तो बहुधा कॉक्रेन या संस्थेनं जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्याबद्दल बोलत असणार. कॉक्रेन ही वैद्यकीय पुरावे तपासणारी मान्यवर संस्था आहे, तेव्हा दादा कुठल्या तरी फॉरवर्डवर विसंबला असं म्हणून उडवून लावू नका. श्वसनाच्या विषाणूंचा फैलाव रोखणाऱ्या उपायांवरचे ७८ प्रयोग त्यात तपासले होते, मास्क आणि हात धुणं दोन्ही आलं. लोकांमध्ये मास्क वापरल्यानं फ्लू किंवा कोविडसारख्या आजारात बहुधा फारसा फरक पडत नाही, असा त्यातला निष्कर्ष. त्यावरून ‘मास्क निरुपयोगी ठरले’ अशा बातम्या जगभर झाल्या. मग मार्च २०२३ मध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोअरेस-वायझर यांनी खुलासा केला की आढाव्यातून ‘मास्क चालत नाहीत’ असा अर्थ काढणं चुकीचं आणि दिशाभूल करणारं आहे, पुरावा ठोस निष्कर्षाला पुरेसा नाही एवढंच त्यातून म्हणता येतं. बातमी जितकी गाजली तितका हा खुलासा गाजला नाही. दादापर्यंत तो पोचला नसेल तर त्यात त्याचा दोष नाही.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की अशा प्रयोगांमध्ये मोजतात काय. एका गटाला मास्क लावा असं सांगतात, दुसऱ्याला सांगत नाहीत. मग पहिल्या गटातले काही लावतात, काही विसरतात, काही हनुवटीवर ठेवतात, काही घराबाहेर लावतात आणि संसर्ग घरात होतो. शेवटी दोन गटांची आजारपणं मोजतात. म्हणजे मोजमाप होतं ते ‘मास्क लावा’ या सांगण्याचं. ते मोजायलाच हवं, कारण सरकारच्या हातात सांगणंच असतं. फक्त तुमचा प्रश्न तो नाही.

डेन्मार्कमधला प्रयोग बघा, म्हणजे लक्षात येईल. एप्रिल ते जून २०२० मध्ये सुमारे ६,००० लोकांवर तो झाला आणि नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. मास्क लावायला सांगितलेल्या गटात १.८ टक्के लोकांना संसर्ग झाला, न सांगितलेल्या गटात २.१ टक्के. इतका थोडा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो, म्हणून त्यातून काही सिद्ध झालं नाही. मास्क विरोधकांनी हा प्रयोग डोक्यावर घेतला. पण पहिल्या गटातल्या निम्म्याहून कमी लोकांनीच सांगितल्याप्रमाणे पूर्णवेळ मास्क लावला होता. आणि घालणाऱ्याला स्वतःला किती संरक्षण मिळतं एवढंच त्यात पाहिलं होतं. त्याच्यामुळे आसपासचे लोक किती वाचले हे तपासलेलंच नव्हतं. तुमचं घर डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला मास्कनं दादाला वाचवायचं नाही, दादापासून बाबांना वाचवायचं आहे.

बांगलादेशातला अभ्यास याच्या उलट बाजूचा आणि कितीतरी मोठा. ६०० गावं, तीन लाखांहून अधिक प्रौढ माणसं. काही गावांत मास्क फुकट वाटले, घरोघरी जाऊन सांगितलं, रस्त्यात आठवण करून दिली. तिथं मास्क नीट लावणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. लक्षणं दिसून रक्ततपासणीतही कोविड झाल्याचं आढळलेल्यांचं प्रमाण त्या गावांत सुमारे ९ टक्क्यांनी घटलं. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत ही घट ११ टक्क्यांच्या आसपास होती आणि साठीपुढच्या लोकांत सुमारे ३५ टक्के. कापडी मास्कांचा फायदा मात्र स्पष्ट दिसला नाही. दादा म्हणेल, नऊ टक्के म्हणजे काय फार? खरंच फार नाहीत, आणि या अभ्यासाच्या पद्धतीवरही आक्षेप घेतले गेले आहेत. पण निम्म्याहून जास्त लोक मास्क नीट लावत नसताना एवढी घट दिसली, आणि सगळ्यात जास्त दिसली ती म्हाताऱ्या माणसांत, हेही त्याला सांगा.

सक्तीबद्दल माझं मत विचाराल तर ते दादाच्या बरंचसं जवळ आहे. साथीच्या ऐन भरात, बंद जागेत, रुग्णालयात, गर्दीच्या वाहनात मास्क बंधनकारक करणं योग्य होतं असं मी मानते. पण मोकळ्या मैदानात एकट्यानं चालणाऱ्यालाही दंड, हॉटेलात शिरताना मास्क आणि बसल्यावर दोन तास उघडं तोंड, अशा नियमांनी कुणाचा जीव वाचला नसेल. लोकांचा विश्वास मात्र त्यांनी खाल्ला.

आणि दादाचा अविश्वास हवेतून आलेला नाही. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे जनतेला आरोग्याचा सल्ला देणाऱ्या तिथल्या सर्वोच्च सरकारी डॉक्टरांनी, लोकांना सांगितलं की मास्क विकत घेणं थांबवा, सामान्य लोकांना त्याचा उपयोग नाही, आणि रुग्णांची सेवा करणाऱ्यांना ते मिळाले नाहीत तर सगळेच धोक्यात येतील. एकाच दमात दोन्ही. वाचणाऱ्याला प्रश्न पडणारच की उपयोग नाही तर डॉक्टरांना कशाला हवेत? पुढे ३ एप्रिलला तिथल्याच रोगनियंत्रण केंद्रानं सर्वांना कापडी मास्कचा सल्ला दिला आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ५ जूनला, जिथं फैलाव मोठा आहे तिथल्या लोकांनी मास्क लावावेत असं सांगितलं. मत बदलायला कारणं होती. लक्षणं दिसण्याआधीच माणूस रोग पसरवू शकतो हे तोवर स्पष्ट झालं होतं. पण तुटवड्याची अडचण ‘तुटवडा आहे’ अशी न सांगता ‘उपयोग नाही’ अशी सांगितली गेली आणि त्याची किंमत पुढची कित्येक वर्षं सगळे मोजत राहिले. हवेतून फैलावाचंही तेच. मार्च २०२० मध्ये आरोग्य संघटना ठामपणे म्हणत होती की हा रोग हवेतून पसरत नाही. जुलैत २३९ शास्त्रज्ञांना जाहीर पत्र लिहून सांगावं लागलं की हवेतून फैलावाकडे लक्ष द्या. ज्याला दर दोन महिन्यांनी वेगळं सांगितलं जातं, त्यानं एका टप्प्यावर ऐकणं सोडून दिलं तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही.

हे वादही जुने आहेत. १९१०-११ मध्ये चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगनं हाहाकार केला तेव्हा वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरनं सांगितलं की हा रोग माणसाच्या श्वासातून पसरतोय, कापूस आणि गॉजचा मास्क लावा. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरला ते पटलं नाही. त्यांनी मास्क न लावता रुग्ण तपासले आणि काही दिवसांतच त्याच प्लेगनं ते गेले. फ्लूच्या महासाथीत सॅन फ्रान्सिस्को शहरानं ऑक्टोबर १९१८ मध्ये मास्कची सक्ती केली, महिन्याभरात उठवली, जानेवारीत पुन्हा लादली, तेव्हा तिथं चक्क मास्कविरोधी संघटना उभी राहिली. त्या वेळचे मास्क विरळ गॉजचे होते, त्यामुळे विरोधकांचं सगळंच चुकत होतं असंही नाही.

आता दादाचं शेवटचं वाक्य, आणि माझ्या मते तेच सगळ्यात विचार करण्याजोगं आहे : ज्याला भीती वाटते त्यानं लावावा. रस्त्यावर, दुकानात, प्रवासात हे आज चालण्यासारखं आहे. चेहऱ्याला घट्ट बसलेला एन-९५, समोरच्यानं मास्क लावला नसला तरी, घालणाऱ्याला चांगलं संरक्षण देतो. बाबांनी बाहेर पडताना तो जरूर लावावा. पण स्वतःच्या घरात बाबांनी किती वेळ लावायचा? तिथं ते जेवतात, गोळ्या घेतात, झोपतात. दादा येऊन गेल्यावरही त्याच्या श्वासातले बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहू शकतात, म्हणजे दादा गेला की बाबांनी मास्क काढला, इतकं ते सोपं नाही. दादानं तासभर लावला तर कण खोलीत येण्याआधीच बरेचसे अडतात. तोंडातून निघताना ते ओले आणि मोठे असतात, हवेत सुकून लहान होतात. म्हणून उगमापाशी त्यांना अडवणं सोपं जातं. एकानं तासभर सोसायचं की दुसऱ्यानं अष्टौप्रहर, एवढाच हिशेब आहे. सरकारची सक्ती आणि आजारी बापाची गरज यांना दादा एकाच मापानं मोजतो आहे, तिथं तो चुकतो.

तो येऊन गेल्यावर दोन दिवसांनी आजारी पडला, हेही त्याला न चिडता सांगा. कोविड आणि फ्लू दोन्हींत लक्षणं दिसण्याआधी एक-दोन दिवस माणूस संसर्ग देऊ शकतो. ‘मला काही झालेलं नाही’ असं तो त्या दिवशी म्हणाला असेल तर ते प्रामाणिकच होतं. म्हणूनच बरं वाटत असतानाही मास्क लागतो.

हे सगळं झालं दादाबद्दल. पण तुमचं पूर्ण पत्र मी परत परत वाचलं आणि त्यात एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही. बाबांना काय हवंय? नियम तुम्ही केलात, मोडला दादानं, भांडलात तुम्ही दोघं, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते गप्प आहेत. ते आजारी आहेत, अजाण नाहीत. दादा जवळ नसताना, टीव्ही बंद करून, त्यांना नीट ऐकू येईल असं समोर बसून विचारा. कदाचित ते म्हणतील, जपा मला, अजून जगायचंय. कदाचित म्हणतील, नातवाशिवाय काढलेला महिना मला तापापेक्षा जड गेला. दुसरं उत्तर आलं तर तुम्हाला ते ऐकवणार नाही, कारण त्यांना उचलून रुग्णालयात नेणाऱ्या तुम्ही आहात. त्या भीतीलाही त्या संभाषणात जागा द्या. ‘मला एकटीला हे पेलवणार नाही’ असं बाबांना आणि दादाला स्पष्ट सांगा. मला वाटतं ग्रुपवर तुम्हाला हेच लिहायचं होतं.

ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनाही नेमकं विचारा. प्रत्यारोपणानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात जोखमीचे असतात, पुढे गोळ्यांचे डोस बदलतात, तशी सावधगिरीही थोडी बदलता येते. एक वर्ष उलटल्यावर तुमच्या नियमातलं काय ठेवायचं आणि काय सैल करायचं हे त्यांनीच सांगितलेलं बरं. दादाला बरोबर घेऊन गेलात तर फारच छान. बहिणीकडून ऐकणं आणि डॉक्टरांकडून ऐकणं यात फरक पडतो.

नियम थोडा नव्यानंही मांडा. सगळा भार मास्कवर टाकला की सगळं भांडणही मास्कवरच होतं. ज्याला सर्दी, घसादुखी, ताप, काहीही आहे त्यानं त्या दिवसांत यायचंच नाही, मास्क लावूनही नाही. हा पहिला नियम असू द्या, याला दादा नाही म्हणणार नाही. कुणी आलं की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, हवा खेळती राहिली की तरंगणारे कण पटकन विरळ होतात. खिडक्या उघडणं शक्य नसेल तर हेपा फिल्टरचं, म्हणजे अगदी बारीक कणही गाळणाऱ्या जाळीचं, हवा शुद्ध करणारं यंत्र लावा. घरातल्या आणि नेहमी येणाऱ्या सगळ्यांच्या फ्लू आणि कोविडच्या लशी वेळच्या वेळी होऊ द्या. बाबांना स्वतःला कुठल्या लशी चालतात ते मात्र डॉक्टरांनाच विचारा, कारण जिवंत विषाणूच्या लशी अशा रुग्णांना सहसा देत नाहीत. मास्क एन-९५ असू द्या आणि झडप असलेला घेऊ नका. झडपेतून सोडलेला श्वास न गाळता बाहेर येतो, मग बाबांना त्याचा उपयोग काय? एन-९५ साबणानं किंवा स्पिरिटनं धुऊ नका, तंतूंवरचा विद्युतभार जातो आणि मास्क नुसता नावाला उरतो.

बाबांना ऐकू न येण्याचा प्रश्न तुम्ही जाता जाता लिहिलात, मला तो जाता जाता सोडवत नाही. कमी ऐकू येणारी माणसं ओठ आणि चेहरा बघून अर्धं संभाषण समजून घेतात, बऱ्याचदा त्यांच्याही नकळत. सगळे मास्क लावून बोलायला लागले की ती संभाषणातून बाहेर पडतात. महासाथीत अशा कितीतरी लोकांची फार कुचंबणा झाली आणि मास्कच्या बाजूनं बोलणाऱ्या आम्ही लोकांनी त्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही. बाबांचं गप्प होणं सगळंच दुःखापायी असेल असं नाही, थोडं न ऐकू आल्यामुळेही असेल. कान तपासले नसतील तर तपासून घ्या, श्रवणयंत्र लागत असेल तर घ्या. बोलताना समोर, उजेडात बसावं, आवाज चढवण्यापेक्षा वाक्यं छोटी आणि सावकाश बोलावीत. पुढून पारदर्शक असलेले मास्क मिळतात. त्यांवर वाफ धरते आणि ते एन-९५ इतके घट्ट नसतात, पण खिडक्या उघड्या असताना चालतील. आणि गच्चीवर किंवा अंगणात थोड्या अंतरानं बसलात तर मास्क बाजूला ठेवूनही बोलता येईल. मोकळ्या हवेत धोका बंद खोलीपेक्षा खूपच कमी असतो.

भाच्याला मास्क लावायचा हट्ट नको. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर मास्कची सक्ती करू नये, त्यांना तो नीट लावता येत नाही आणि ती सारखी चेहऱ्याला हात लावतात. पण या वयाची मुलं घरात सर्दी-खोकला आणतात हेही तितकंच खरं. म्हणून तो ठणठणीत असेल तेव्हाच, आणि शक्यतो मोकळ्या हवेत आजोबांना भेटू दे. आल्या आल्या हात धुवायचे एवढं त्याला जमेल.

दादाला फोन करा, मेसेज नको. हा सगळा पुरावा पहिल्याच फोनवर त्याच्यापुढे ओतू नका. ‘मी ग्रुपवर लिहिलं ते चुकलं. बाबा तुझी वाट बघतायत. बाहेर तू काय करतोस ते मी विचारणार नाही, त्यांच्या खोलीत असशील तेवढा वेळ मास्क लाव, माझ्यासाठी म्हणून लाव.’ एवढं पुरे. तरी तो नाही म्हणाला तर भेट रद्द करू नका, जागा बदला. बाबांना संध्याकाळी खाली घेऊन या, खुर्च्या जरा लांब मांडा आणि तिथं मास्कचं नावही काढू नका.